मॉलिक्युलर मॉडेल किट: पोलर-नॉनपोलर शिकायला घ्यावा का, आणि घेतल्यावर आधी काय तपासावं

प्लास्टिकचे रंगीत गोळे, राखाडी काड्या आणि एक घडीचं माहितीपत्रक. ‘मॉलिक्युलर मॉडेल किट’ म्हणून विकला जाणारा हा डबा साधारण ५०० ते १००० रुपयांत पडतो. पणजी, म्हापसा, मडगावच्या शालेय साहित्याच्या दुकानांतून मागवता येतो, ऑनलाइन तर मिळतोच. गोवा बोर्डाच्या अकरावी सायन्सला एनसीईआरटीचंच पुस्तक असल्यामुळे ‘हा रेणू पोलर (एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण भाराचं) की नॉनपोलर?’ हा प्रश्न रासायनिक बंधाच्या धड्यात भेटतो आणि पुढे ‘नीट’ परीक्षेच्या पेपरापर्यंत पाठ सोडत नाही. इथे संचाची पारख फक्त त्या एका प्रश्नापुरती केली आहे. सेंद्रिय रसायनाला तो किती उपयोगी, हा वेगळा विषय.

निकाल आधीच सांगून टाकतो: घ्यावा. मात्र एक गोष्ट पक्की समजून घ्यावा. संच रेणूचा आकार दाखवतो, रेणू पोलर आहे की नाही हे तो सांगत नाही. ते काम आपलं. आणि स्वस्तातले काही संच आकारच चुकीचा दाखवतात, तेव्हा डबा उघडल्यावर पहिली दहा मिनिटं रेणू बनवण्यात न घालवता भोकं तपासण्यात घालवा.

सुरुवात लाल गोळ्याने, म्हणजे ऑक्सिजनने. त्याला दोन भोकं असतात. ती एकमेकांच्या बरोबर समोर, सळई आरपार जाईल अशी असतील तर डबा परत करा. अशा गोळ्याने बनवलेलं पाणी सरळ रेषेत येतं, दोन्ही बंधांची ओढ एकमेकींना मारते आणि सगळ्यांच्या ओळखीचा पोलर रेणू चक्क नॉनपोलर ठरतो. भोकांमधला कोन काटकोनाहून थोडा मोठा हवा. खऱ्या पाण्यात तो १०४.५ अंश आहे. संचांत बहुधा कार्बनसारखाच १०९.५ अंशांचा मिळतो. त्या पाच अंशांचं काय, ते पुढे येईल.

मग निळा, नायट्रोजन. अमोनिया बनवून तीन पांढरे (हायड्रोजनचे) गोळे खाली येतील असा टेबलावर ठेवा. निळा गोळा तिपाईच्या माथ्यासारखा वर उचललेला दिसला पाहिजे. सगळं भाकरीसारखं सपाट बसलं तर तो निळा गोळा १२० अंशांचा आहे, अमोनियासाठी निकामी. चार भोकांचा निळा मिळाला तर उत्तम: तीन भोकांत हायड्रोजन, आणि चौथं मोकळं भोक लोन पेअरची, म्हणजे बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीची, जागा दाखवतं.

पिवळ्या गोळ्यापाशी, म्हणजे गंधकापाशी, खरी मेख आहे. अनेक संचांत तो कार्बनसारखा चार भोकांचा असतो. पुस्तकात सल्फर डायऑक्साइडला दोन दुहेरी बंध दाखवलेले असतात, म्हणून मुलं लांब वाकणाऱ्या काड्या घेऊन दोन्ही लाल गोळे दुहेरी जोडतात. चार भोकांच्या गोळ्यावर असे दोन दुहेरी बंध लावले की रेणू सरळ रेषेतच येतो, हुबेहूब कार्बन डायऑक्साइडसारखा. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत ते बरोबरच आहे: कोन १८० अंश, डायपोल मोमेंट (रेणू किती पोलर आहे याचं माप) शून्य. सल्फर डायऑक्साइड मात्र ११९ अंशांच्या आसपास वाकलेला असतो आणि त्याचा डायपोल मोमेंट सुमारे १.६ डिबाय (हे त्या मापाचं एकक) आहे. दोष गोळ्याचा: गंधकावरच्या लोन पेअरला त्याच्यावर जागाच उरलेली नसते. उपाय सोपा आहे. दुहेरी बंधाचा हट्ट सोडा, दोन भोकांत दोन आखूड काड्या लावा आणि बाकीची दोन मोकळी ठेवा. कोन दहा अंशांनी कमी येईल, पण रेणू वाकलेला राहील आणि उत्तर चुकणार नाही.

बोरॉन बहुतेक डब्यांत नसतोच. बोरॉन ट्रायफ्लोराइडसाठी तीन सपाट भोकांचा कुठल्याही रंगाचा गोळा चालेल. चार भोकांच्या काळ्या (कार्बनच्या) गोळ्यावर तीन फ्लोरीन लावून त्याला बोरॉन म्हणू नका. तिपाई तयार होते आणि नॉनपोलर रेणू पोलर दिसतो.

आता रीत. आधी बंध, मग आकार, मग बंधांच्या ओढीची बेरीज, याच क्रमाने. बंध पोलर आहे का, हे दोन अणूंच्या विद्युतऋणतेच्या, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या ताकदीच्या, फरकावरून ठरतं. पाउलिंगच्या मापाने हायड्रोजन २.२०, कार्बन २.५५, नायट्रोजन ३.०४, क्लोरीन ३.१६, ऑक्सिजन ३.४४, फ्लोरीन ३.९८. फरक ०.४ च्या खाली असेल तर बंध नॉनपोलर धरायची पद्धत आहे, म्हणून कार्बन-हायड्रोजनचा ०.३५ सोडून देतात. हा सोयीसाठी केलेला संकेत आहे, लक्ष्मणरेषा नव्हे.

हे आकडे संचात कुठेच दिसत नाहीत, म्हणून आपण ते काड्यांवर चढवायचे. वहीच्या कागदाच्या अर्धा सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा आणि दर ०.५ फरकाला १ सेंटिमीटर लांबी धरा. ऑक्सिजन-हायड्रोजनचा बाण २.५ सेंटिमीटर, नायट्रोजन-हायड्रोजनचा १.७, कार्बन-क्लोरीनचा १.२. बाणाचं टोक जास्त विद्युतऋण अणूकडे, शेपटीला आडवी रेघ. हे बाण काड्यांना चिकटवले की पाचशे रुपयांच्या डब्याचे हजार वसूल होतात.

बाणाच्या दिशेवरून बारावीत घोटाळा होतो, तो इथेच मिटवलेला बरा. रसायनशास्त्रात हा शेपटीला रेघ असलेला बाण धन टोकाकडून ऋण टोकाकडे काढतात. फिजिक्सच्या इलेक्ट्रोस्टॅटिक्समध्ये डायपोलचा सदिश ऋणाकडून धनाकडे जातो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. रेणू पोलर आहे की नाही यावर त्याने फरक पडत नाही. दिशा विचारणाऱ्या प्रश्नात मात्र मार्क जातात.

संच विकत घ्यायचं खरं कारण डायक्लोरोमिथेन आहे. वहीत हा रेणू अधिकच्या चिन्हासारखा काढतात: मधे कार्बन, वर-खाली क्लोरीन, डावी-उजवीकडे हायड्रोजन. चित्र बघून उत्तर एकच येतं: क्लोरीन समोरासमोर, ओढ मिटली, नॉनपोलर. चूक! काळ्या गोळ्यावर दोन हिरवे आणि दोन पांढरे गोळे हव्या त्या भोकांत लावून बघा. हिरवे गोळे समोरासमोर येतच नाहीत, येऊच शकत नाहीत, कारण चार भोकांतली कोणतीही दोन घ्या, मधला कोन १०९.५ अंशच राहतो. दोन्ही हिरवे बाण एका बाजूला झुकतात आणि रेणूचा डायपोल मोमेंट १.६ डिबाय निघतो. आता भोकं बदलून दुसरा डायक्लोरोमिथेन बनवायचा प्रयत्न करा. कसाही लावला तरी हातात फिरवल्यावर पहिल्यासारखाच होतो.

या खेळाला इतिहास आहे. १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी क्रोके या मैदानी खेळाच्या चेंडूंचे रेणू करून दाखवले. काळा कार्बन, पांढरा हायड्रोजन, लाल ऑक्सिजन, निळा नायट्रोजन, हिरवा क्लोरीन ही आजच्या डब्यातली रंगसंगती तिथून चालत आली. पण हॉफमन यांच्या कार्बनचे चारही हात एकाच पातळीत होते, म्हणजे आपल्या वहीतलीच चूक. तसं असतं तर डायक्लोरोमिथेन दोन प्रकारचे मिळायला हवे होते, क्लोरीन शेजारी असलेला एक आणि समोरासमोर असलेला दुसरा. मिळतो एकच. १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल या रसायनशास्त्रज्ञांनी चतुष्फलकी (चार हात एका पातळीत नसलेला, आपल्या काळ्या गोळ्यासारखा) कार्बन मांडला तेव्हा हे कोडं सुटलं. माहितीपत्रकात ही गोष्ट छापली असती तर त्याला वाचण्यासारखं काही तरी मिळालं असतं.

कार्बन टेट्राक्लोराइड नॉनपोलर असतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण चार बाण मिटतात कसे हे विचारलं की गाडी अडते. रेणू तीन हिरव्या गोळ्यांवर टेबलावर उभा करा, चौथा हिरवा सरळ वर. खालचे तीन बाण आडव्या पातळीपासून साधारण १९.५ अंश खाली झुकलेले आहेत. या कोनाचा साइन एक तृतीयांश. म्हणजे प्रत्येक बाण आपल्या लांबीच्या एक तृतीयांश इतका खाली ओढतो, तिघांचे मिळून पूर्ण एक बाण, आणि तो वरच्या बाणाला नेमका खाऊन टाकतो. आडव्या दिशेला तिघे आपसांतच मिटतात. आता वरचा हिरवा काढून पांढरा लावा. खालच्या तिघांना अडवणारं कोणी उरलं नाही: क्लोरोफॉर्म, १.०४ डिबाय.

पाण्यातल्या पाच अंशांचा हिशोबही असाच. एका ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचा मोमेंट सुमारे १.५१ डिबाय धरला, तर १०४.५ अंशांच्या कोनाला बेरीज दोन गुणिले १.५१ गुणिले कोसाइन ५२.२५, म्हणजे १.८५ डिबाय. संचातल्या १०९.५ अंशांना तीच १.७४ येते. पोलर की नॉनपोलर एवढं ठरवायला हा फरक नगण्य आहे, म्हणून या कारणासाठी महागडा संच घेऊ नका. १८० अंशांना मात्र बेरीज शून्य होते, आणि म्हणूनच आरपार भोकांचा लाल गोळा परत करायचा.

संच जिथे तोंडावर पडतो ती जोडी म्हणजे अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइड. दोन्ही तिपाया, बाणांची लांबीही जवळपास सारखी: १.७ आणि १.९ सेंटिमीटर. मॉडेलवरून वाटतं फ्लोरीनवाला जरा जास्तच पोलर असेल. प्रत्यक्षात अमोनिया १.४७ डिबाय आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइड फक्त ०.२३. कारण नायट्रोजनवरची लोन पेअर, जी डब्यात नाही. चौथ्या भोकात काडी खोचून तिच्यावर मळलेल्या मातीचा लांबट गोळा बसवा आणि त्यालाही बाहेर जाणारा बाण लावा. अमोनियात हायड्रोजनकडून येणारे तीन बाण नायट्रोजनकडे, म्हणजे लोन पेअरच्याच दिशेने जातात, बेरीज वाढते. ट्रायफ्लोराइडमध्ये बाण फ्लोरीनकडे, खाली जातात आणि लोन पेअरचा वर. बेरीज जवळजवळ संपते. काही महाग संचांत लोन पेअरसाठी पाकळ्यांसारखे तुकडे मिळतात. मिळाले तर ठीक, त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

लोन पेअर दिसली की रेणू पोलर, असा उलटा नियमही काही जण करून बसतात. सहा भोकांचा गोळा असेल तर झेनॉन टेट्राफ्लोराइड बनवा. चार फ्लोरीन एका पातळीत, मातीच्या दोन लोन पेअर वर आणि खाली. त्या एकमेकींना मारतात, चार बंधही मिटतात, रेणू नॉनपोलर.

दुहेरी बंधासाठी लांब लवचिक काड्या दोन लावायच्या, एक लावून भागवायचं नाही. डायक्लोरोइथीन घ्या, दोन्ही कार्बनांवर एकेक क्लोरीन. एकेरी काडीवर गोळे गरागरा फिरतात आणि क्लोरीन एका बाजूला की विरुद्ध बाजूंना हा प्रश्नच उरत नाही. दोन काड्यांनी फिरणं बंद होतं. सिस रूपाचा (क्लोरीन एका बाजूला) डायपोल मोमेंट १.९ डिबाय, ट्रान्सचा (विरुद्ध बाजूंना) शून्य. सिस ६० अंश सेल्सिअसला उकळतो, ट्रान्स ४८ ला. पोलर असल्याने काय बिघडतं, या प्रश्नाला ही १२ अंशांची तफावत पुरेशी आहे.

दोन रेणूंपुढे मात्र हा संच आणि बाणांची रीत, दोन्ही हात टेकतात. ओझोनमध्ये तिन्ही अणू ऑक्सिजनचेच, विद्युतऋणतेचा फरक शून्य, तरीही तो ०.५३ डिबायने पोलर आहे, कारण मधल्या आणि कडेच्या अणूंवर इलेक्ट्रॉनांची वाटणी सारखी नाही. कार्बन मोनॉक्साइडचा मोमेंट जेमतेम ०.११ आणि ऋण टोक चक्क कार्बनकडे. हे दोन अपवाद म्हणूनच लक्षात ठेवायचे.

गोळ्यांच्या संख्येबद्दल तक्रार आहे. संच बनवणाऱ्यांचा डोळा सेंद्रिय रसायनावर असल्यामुळे काळे-पांढरे गोळे भरपूर आणि हिरवे मोजके. मिथेनपासून टेट्राक्लोराइडपर्यंतचे पाचही रेणू शेजारी शेजारी मांडायला १० हिरवे, १० पांढरे आणि ५ काळे लागतात. हिरवे चार-सहाच असतील तर पांढऱ्यांवर हिरव्या मार्करने ठिपका द्या. नेलपॉलिश लावू नका, आणि लावलंच तर ते रिमूव्हरने काढायला जाऊ नका: गोळे पॉलिस्टायरीनचे असतील तर ॲसिटोनने पृष्ठभाग विरघळून चिकट होतो. गोळ्यांच्या आकारावरही जाऊ नका. पांढरा लहान, बाकी जवळपास एका मापाचे, ही साच्याची सोय आहे, अणूंची खरी मापं नव्हेत.

फुकटात भागवायचं असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाचं ‘मॉलिक्युल पोलॅरिटी’ हे सिम्युलेशन आहे. तीन अणूंच्या पडद्यावर कोन ओढून बदलता येतो आणि बेरजेचा बाण लगेच लहान-मोठा होताना दिसतो. विद्युत क्षेत्र सुरू केलं की पोलर रेणू फिरून रांगेत उभा राहतो, नॉनपोलर ढिम्म. हे प्लास्टिकला कधीच जमणार नाही. पण त्यात उत्तर आयतं मिळतं आणि बेरीज डोक्यात करायची सवय लागत नाही. आधी हाताने बाण लावा, मग पडद्यावर ताडून बघा. भिजवलेले पांढरे वाटाणे आणि टूथपिक हा आणखी स्वस्त मार्ग. कोन मात्र हाताच्या अंदाजावर राहतो आणि दुसऱ्या दिवशी वास येतो.

मॉडेलच्या जोडीला एखादा प्रयोग हवाच. केसांवर घासून भारित केलेल्या कंगव्याने पाण्याची धार वाकवायचा खेळ गोव्यात जून ते सप्टेंबर करायला जाऊ नये. हवेत इतका दमटपणा असतो की कंगव्यावर भार टिकतच नाही आणि वर्गासमोर फजिती होते. डिसेंबर-जानेवारीत, कोरड्या केसांवर, पेन्सिलच्या शिशाइतक्या बारीक धारेवर जमतो. ‘पाण्याचे पोलर रेणू कंगव्याकडे वळतात म्हणून धार वाकते’ हे नेहमीचं स्पष्टीकरण अपुरं आहे. नुसत्या रेणू वळण्याने इतकं बळ येत नाही. कंगव्याच्या भारामुळे धारेवर विरुद्ध भार ओढला जातो, ते मुख्य कारण. आणि तुलनेसाठी रॉकेलची धार? स्थिर विजेच्या ठिणगीजवळ ती नकोच.

त्यापेक्षा स्वयंपाकघरातला प्रयोग बारा महिने चालतो. दोन चमचे खोबरेलात पाव चमचा हळद ढवळून दहा मिनिटं ठेवा आणि पातळ कापडातून गाळा. न गाळल्यास हळदीची पूड खाली उतरून रंग गढूळ करते. काचेच्या छोट्या बाटलीत चमचाभर भिरंडाचं (कोकमाचं) आगळ आणि चमचाभर पाणी घ्या, वर ते पिवळं खोबरेल ओता, झाकण लावून हलवा आणि पाच मिनिटं थांबा. लाल थर खाली, पिवळा वर. भिरंडाचा रंग पाण्याबरोबर राहतो, हळदीचा तेलाबरोबर. खोलीत एसी २४ अंशांखाली असेल तर खोबरेल थिजतं, एवढं सांभाळा. या प्रयोगावरून ‘पोलर तो पाण्यात मिसळतो’ असा नियम मात्र काढू नका. क्लोरोफॉर्म पोलर असूनही पाण्याखाली वेगळा थर करून बसतो, कारण पाण्याच्या रेणूंना एकमेकांशी जितकं घट्ट धरता येतं तितकं क्लोरोफॉर्मला धरता येत नाही.

राहिली निगा. काड्या अडकल्या की सरळ ओढू नका, पिळत काढा, नाही तर भोकाची कड फाटते आणि पुढच्या वेळी रेणू मान टाकतो. घट्ट भोकात बोटावरची किंचित टाल्कम पावडर चालते. तेल लावू नका, पॉलिस्टायरीनला त्याने बारीक चिरा पडतात. लांब काड्या दुहेरी बंधात वाकलेल्या सोडून दिल्या की तशाच वाकड्या राहतात; काम झालं की मोकळ्या करून सरळ ठेवा. आणि पुठ्ठ्याचा डबा पावसाळ्याआधी टाकून द्या, त्याला बुरशी धरते. गोळे झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात आणि कागदी बाण वेगळ्या पाकिटात ठेवा.